पॉलिकोम्बच्या नरांचे जादा कंगवे दिसेनासे झाले तर

पॉलिकोम्ब हे फळमाशीतले एक उत्परिवर्तन. साध्या नराला कंगवा, म्हणजे जाड काळ्या दातांची रांग, फक्त पुढच्या पायांवर असतो. पॉलिकोम्बच्या नरांना तो मधल्या आणि मागच्या पायांवरही येतो. स्टॉक म्हणजे बाटलीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला वाण, आणि क्रॉस म्हणजे दोन स्टॉकचा संकर.

आधी लक्षणे. यांतले एखादे तुमच्या बाटलीशी जुळत असेल तर पुढे वाचा.

– पॉलिकोम्बच्या नरांना फक्त पुढच्या पायांवर कंगवा आहे. मधले आणि मागचे पाय साध्या माशीसारखे.
– एकाच क्रॉसच्या दोन बाटल्या, एकीतले नर बरोबर आणि दुसरीतले बहुतेक साधे.
– गेल्या वर्षी भरपूर कंगवे होते, पण पिढ्यांगणिक कमी होत आता शोधावे लागतात.
– आखूड केसांच्या स्टॉकमध्ये लांब केसांच्या माश्या फिरताना दिसतात.
– कंट्रोल म्हणून ठेवलेल्या बाटलीतच एखाद्या नराच्या मधल्या पायावर दात सापडतात.

एक गोष्ट बिघाड समजू नका. डाव्या मधल्या पायावर पाच दात आणि उजव्यावर एकही नाही, किंवा मधल्या पायावर कंगवा पण मागच्यावर नुसता एक काळा दात, हे पॉलिकोम्बचे नेहमीचे रूप आहे. ते तसेच नोंदवायचे.

गोव्यात फोंड्याच्या बाजूला एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांचे स्टॉक सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. दर पावसाळ्यात प्रकल्प करणारी मुले हीच तक्रार घेऊन येतात आणि पहिला संशय प्रथिनांवर घेतात. ‘मॅडम, कॉम्प्लेक्स (प्रथिनांचा संच) बिघडला असेल का?’ क्रोमॅटिनवर, म्हणजे डीएनए आणि तो ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, नुकतेच वाचलेले असते, म्हणून मन तिकडे जाते. पण माझ्या हाताखालून गेलेल्या अशा तक्रारींपैकी बहुतेकींचे कारण चिठ्ठी, केस, माद्या किंवा तापमान यांतच निघाले. तरीही प्रथिने काय करतात ते आधी सांगते. ते कळले की प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळेल.

मूळ गोष्ट

साध्या नराच्या पुढच्या पायावर, पावलाच्या पहिल्या खंडावर, जाड काळ्या दातांची एक रांग असते. साधारण १० ते १२ दात. हा कंगवा. मादीला तो नसतो आणि नराच्या बाकीच्या चार पायांवरही नसतो. पामेला लुईस यांनी १९४७ मध्ये एक उत्परिवर्तन नोंदवले, ज्यात हे कंगवे मधल्या आणि मागच्या पायांवरही उगवत होते. म्हणून नाव पॉलिकोम्ब, पुष्कळ कंगवे. पुढे १९७८ मध्ये एडवर्ड लुईस यांनी मांडले की पॉलिकोम्बचे काम शरीराचे खंड ठरवणाऱ्या जनुकांना नको त्या जागी दाबून ठेवणे हे आहे. ज्या भ्रूणांत पॉलिकोम्बच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, त्यांचे खंड पोटाच्या आठव्या खंडासारखे व्हायला लागले होते. शेवटच्या टोकाची जनुके सगळीकडे सुटली होती.

भ्रूण काही तासांचा असतानाच कुठला खंड छातीचा आणि कुठला पोटाचा हे ठरते. ते ठरवणारी हंचबॅकसारखी प्रथिने थोडाच वेळ टिकतात आणि मग नाहीशी होतात. माशी तयार व्हायला २५ अंशांवर सुमारे १० दिवस लागतात, आणि त्या काळात पायाच्या पेशी पुन्हा पुन्हा विभागतात. ‘आपण मधला पाय आहोत, कंगव्याचे जनुक आपल्याकडे बंद आहे’ ही आठवण दर विभाजनातून पुढे नेणे हे पॉलिकोम्ब गटाचे काम. ते जनुक म्हणजे सेक्स कोम्ब्स रिड्यूस्ड. पुढच्या पायात ते चालू असावे लागते आणि मागच्या दोन जोड्यांत बंद.

बंद ठेवणारी टोळी दोन मुख्य संचांची आहे. पीआरसी-२ या संचात ई-झेड हे विकर आहे. हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो ती प्रथिने; त्यांतल्या एच-३ च्या २७ व्या लायसीनवर ते तीन मिथाइल गट बसवते. त्याच्या सोबत एस्क, सू-झेड-१२ आणि पी-५५ असतात. पीआरसी-१ या संचात पॉलिकोम्ब स्वतः, पॉलिहोमिओटिक, पोस्टीरियर सेक्स कोम्ब्स आणि सेक्स कोम्ब्स एक्स्ट्रा. पॉलिकोम्बचा क्रोमोडोमेन नावाचा भाग त्या मिथाइल खुणेला धरतो आणि हा संच क्रोमॅटिन घट्ट करून ठेवतो. ही मंडळी डीएनएवर नेमकी कुठे बसायची ते पॉलिकोम्ब प्रतिसाद घटक ठरवतात. ते डीएनएचे छोटे पट्टे असतात आणि फो नावाचे प्रथिन त्यांना ओळखते.

एकदा बसवलेली खूण कायमची असते असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. पेशी दुप्पट होताना जुने हिस्टोन दोन्ही प्रतींत वाटले जातात, म्हणजे खूण निम्मी होते आणि ती पुन्हा भरावी लागते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत प्रतिसाद घटकच कापून काढला, तेव्हा मिथाइल खूण विभाजनागणिक विरळ होत गेली आणि जनुक सुटले.

आपल्याकडच्या खाजन शेतीचा बांध डोळ्यांपुढे आणा. बांध घातला आणि विसरलो असे चालत नाही. भरती दिवसातून दोनदा येते, माती सुटते, खेकडे बिळे करतात, मानशीची (पाणी अडवायच्या दाराची) फळी कुजते. माणसे सतत हात लावत राहतात म्हणून खारे पाणी शेतात येत नाही. आता टोळीतली निम्मी माणसे काढून घ्या. बांध लगेच वाहून जाणार नाही, पण जिथे तो आधीच कच्चा होता तिथून पाझरायला लागेल. आपला पॉलिकोम्बचा नर या अवस्थेत जगतो. त्याच्याकडे जनुकाची एकच चांगली प्रत आहे. बाकी शरीर बऱ्यापैकी सांभाळले जाते, पण मधल्या पायाच्या काही पेशींत सेक्स कोम्ब्स रिड्यूस्ड सुटते आणि तिथे दात उगवतात. अशा काठावरच्या स्थितीला छोटा धक्काही इकडे किंवा तिकडे ढकलतो. म्हणून खालच्या साध्यासुध्या गोष्टी महत्त्वाच्या.

चिठ्ठी वाचा

यासाठी काही खर्च नाही. पावसाळ्यात चिठ्ठीवरची शाई फुटते आणि पीसी (पॉलिकोम्ब), पीएससी (पोस्टीरियर सेक्स कोम्ब्स), ईएससी (एस्क) ही अक्षरे एकसारखी दिसू लागतात. तिन्ही जनुके याच गटातली, तिन्ही कंगव्यांशी संबंधित, पण वागणूक वेगळी.

पॉलिकोम्ब तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. म्हणून त्याच्यासोबत तिसऱ्या गुणसूत्राचा बॅलन्सर, म्हणजे जोडीदाराशी अदलाबदल रोखणारे गुणसूत्र, असतो, आमच्याकडे टीएम-३, ज्यावर स्टबल हा आखूड केसांचा मार्कर (ओळखीची खूण) आहे. पोस्टीरियर सेक्स कोम्ब्स आणि एस्क दुसऱ्या गुणसूत्रावर. तिथे साधारणतः सीवायओ बॅलन्सर असतो आणि माश्यांचे पंख वर वळलेले दिसतात. बाटलीत वळलेल्या पंखांच्या माश्या असतील तर चिठ्ठी काहीही म्हणो, तो आपला पॉलिकोम्बचा स्टॉक नाही.

एस्कची गोष्ट विशेष लक्षात ठेवा. एस्कचे काम मुख्यतः भ्रूणात सुरुवातीला लागते आणि आईने अंड्यात ठेवलेला साठा पुष्कळसे भागवून नेतो. त्यामुळे एक चांगली प्रत असलेल्या आईची, पण स्वतः दोन्ही प्रती बिघडलेली मुले मोठी होऊ शकतात आणि त्यांना जादा कंगवे दिसतात. एकच प्रत बिघडलेल्या नरात मात्र कंगव्यांची अपेक्षा धरू नये. एकदा एका गटाने अख्खा महिना एस्कच्या अशा नरांत कंगवे शोधले. चिठ्ठी नीट वाचली असती तर तो महिना वाचला असता.

सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहा

माशी पोटावर पडलेली असेल तर पाय अंगाखाली जातात आणि दात दिसत नाहीत. तिला पाठीवर करा, खाली पांढरा कागद ठेवा, उजेड बाजूने द्या आणि किमान ४० पट मोठे करून पाहा. नुकती बाहेर आलेली माशी फिकट असते, दातही फिकट असतात. एक दिवस थांबा.

बेशुद्ध करायला दिलेला इथर जास्त झाला तर पंख वर उभे राहतात आणि पाय आक्रसतात. ती माशी मेली आहे. मोजायला ती चालेल, क्रॉसला नाही. इथरजवळ ज्योत किंवा ठिणगी नको, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

शंका असेल तर पाय कापून ग्लिसरीनच्या थेंबात काचपट्टीवर ओळीने लावा, मधला डावा, मधला उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. अशा वीस नरांच्या काचपट्ट्या डोळ्यांपुढे असल्या की ‘दिसतात, नाही दिसत’ हा वाद मिटतो. पोटही पाहा. साध्या नरात पाचवा आणि सहावा खंड काळा असतो. पॉलिकोम्बच्या नरात चौथ्या खंडावरही काळे ठिपके येतात, कारण तिथे ॲबडॉमिनल-बी हे पोटाच्या मागच्या खंडांचे जनुक सुटलेले असते. पाय शंकास्पद आणि चौथा खंड ठिपकेदार असेल, तर उत्परिवर्तन बाटलीत आहे असे मी धरते.

आधी केस मोजा, मग कंगवे

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून थोडे सविस्तर.

स्टॉकच्या बाटलीत जगणारी प्रत्येक माशी एका बाजूला पॉलिकोम्ब आणि दुसऱ्या बाजूला टीएम-३ अशी असते. दोन्हीकडे पॉलिकोम्ब असेल तर ती भ्रूणातच मरते, दोन्हीकडे टीएम-३ असेल तरी जगत नाही. म्हणजे स्टॉकमध्ये प्रत्येक माशी आखूड केसांचीच असायला हवी. लांब केसांची एक जरी सापडली, तरी बाहेरची माशी शिरली आहे किंवा कोणीतरी दोन बाटल्या एकत्र केल्या आहेत. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, दर वेळी बाटली बदलताना करा.

क्रॉसमध्ये हिशोब उलटा होतो. साध्या माद्यांना पॉलिकोम्ब-टीएम-३ चे नर दिले की निम्मी संतती आखूड केसांची होते. तिच्यात बॅलन्सर आहे, पॉलिकोम्ब नाही. लांब केसांची निम्मी संतती पॉलिकोम्बची. कंगवे या दुसऱ्या गटात शोधायचे. स्टॉकमध्ये आखूड केसांत कंगवे पाहायची सवय झालेली असते, त्यामुळे क्रॉसमध्येही मुले आखूड केसांचेच नर मोजत बसतात आणि शून्य मिळते.

गट बरोबर निवडूनही कंगवे कमी मिळाले, तर आखूड आणि लांब केसांच्या माश्यांचे प्रमाण काढा. ते निम्मे-निम्मे यायला हवे. समजा २०० माश्यांत ६० आखूड आणि १४० लांब केसांच्या आल्या. ६० आखूड म्हणजे पॉलिकोम्बच्याही साधारण ६० च असणार. उरलेल्या ८० कुठून आल्या? माद्या कुमारी नव्हत्या. आपल्या बाटलीतल्या साध्या नरांशी आधीच जोडी लागून त्या आल्या होत्या आणि साठवलेल्या शुक्राणूंपासून साधी पिल्ले देत राहिल्या. आता १४० लांब केसांच्या माश्यांत कंगव्याची शक्यता असलेल्या फक्त ६०, त्यातही नर निम्मे. दोन बाटल्यांत फरक पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच.

उपाय एकच. माद्या २५ अंशांवर कोषातून बाहेर आल्यापासून ८ तासांच्या आत वेगळ्या करा. मग त्यांना नराशिवाय तीन-चार दिवस ठेवा. अळ्या दिसल्या तर ती बाटली टाका.

क्रॉसची दिशाही ठरवून ठेवा. आई पॉलिकोम्बची असेल तर अंड्यातला साठाही निम्मा असतो. एका बाटलीत आई पॉलिकोम्बची आणि दुसरीत बाप, अशा दोन बाटल्यांची तुलना करू नका.

तापमान

इन्क्युबेटरच्या तबकडीवर विश्वास ठेवू नका. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान नोंदवणारा साधा तापमापक आत, बाटल्यांच्या उंचीवर ठेवा आणि रोज सकाळी वहीत लिहा. आमच्याकडे पावसात वीज जाते, परत येते, पुन्हा जाते. एका वर्षी वहीत सलग पाच दिवस रात्रीचे सर्वाधिक तापमान ३१ अंश दिसले. त्या आठवड्यातल्या बाटल्यांत पिल्लेच कमी होती. साधारण ३० अंशांच्या पुढे नर वांझ होऊ लागतात.

पॉलिकोम्ब गटासाठी हे विशेष महत्त्वाचे, कारण या गटाची पकड तापमानाप्रमाणे बदलते. ई-झेडचे काही ॲलील (एकाच जनुकाची वेगळी रूपे) १८ अंशांवर चालतात आणि २९ अंशांवर काम सोडतात. तुमच्या बाटलीत तसा ॲलील असेल तर १८ अंशांवर कंगवे दिसणार नाहीत, ते बरोबरच आहे. प्रतिसाद घटकाजवळ डोळ्याला लाल रंग देणारे ‘व्हाइट’ जनुक बसवलेल्या माश्यांत जास्त तापमानाला दाब वाढतो आणि डोळे फिकट होतात. हेटरोक्रोमॅटिनमुळे (कायम घट्ट गुंडाळलेल्या क्रोमॅटिनमुळे) डोळे ठिपकेदार होणाऱ्या माश्यांत याच्या उलट, थंडीत दाब वाढतो. ही दोन प्रकारची दडपणे एकच समजून बसू नका. मे महिन्यातला प्रयोग आणि जानेवारीतला प्रयोग शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे तर मुळीच नको. सगळे क्रॉस एकाच इन्क्युबेटरमध्ये, एकाच कप्प्यात, २५ अंशांवर.

खाणे आणि गर्दी

गर्दीच्या बाटलीतून लहान माश्या निघतात आणि लहान पायावरचे एक-दोन दात नजरेतून सुटतात. एका बाटलीत पाच-सहा जोड्या पुरेत. तीन-चार दिवसांनी मोठ्या माश्या काढून टाका.

आमची कृती: एक लिटर पाण्याला मक्याचे पीठ ८० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, यीस्ट १५ ग्रॅम, आगर ८ ग्रॅम. उकळून गॅस बंद केल्यावर मिश्रण ६० अंशांच्या खाली आले की प्रोपिओनिक आम्ल ४ मिलिलिटर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेले निपाजिन (बुरशीरोधक) १ ग्रॅम. गरम असतानाच आम्ल घातले तर ते उडून जाते आणि चार दिवसांत हिरवी बुरशी येते. बाटलीच्या काचेवर पांढरी धूळ सरकताना दिसली तर ती धूळ नाही, माइट नावाचे बारीक जीव आहेत. ती बाटली आणि तिच्या शेजारच्या बाटल्या उकळत्या पाण्यात. वाचवायचा स्टॉक असेल तर रोज नव्या बाटलीत हलवत राहा.

बाहेरून आलेली माशी

चवथ झाली की घरोघरी गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळे पिकून गळतात. त्याआधी एप्रिल-मेमध्ये काजूच्या बोंडांचा आंबूस वास सगळीकडे असतो. दोन्ही वेळी बाहेरच्या फळमाश्या वाढतात आणि सैल बोळ्यातून आत येतात. कापसाचा बोळा ओला झाला की तो आत ओढला जाऊन कडेला फट राहते.

बाहेरची माशी मेलॅनोगॅस्टर, म्हणजे आपल्याच माश्यांच्या जातीची, असेल तर ती आपल्या माश्यांशी जोडी लावते आणि लांब केसांची संतती दिसू लागते. त्याची तपासणी वर आलीच. पण आपल्या भागात घरात-बाजारात आढळणारी दुसरी एक जात आहे, ड्रोसोफिला अनॅनॅसी. ती मेलॅनोगॅस्टरशी मिसळत नाही, पण त्याच खाद्यावर वाढते आणि थोड्या पिढ्यांत बाटली व्यापते. ओळखायची खूण पुन्हा कंगवाच. मेलॅनोगॅस्टरच्या नरात पावलाच्या पहिल्या खंडावर दातांची एकच उभी रांग असते. अनॅनॅसीच्या नरात दात आडव्या ओळींत, एकापेक्षा जास्त खंडांवर असतात. एका मुलीने असे नर पाहून ‘पुढच्या पायावर कंगवा वाढला’ असे लिहून आणले होते. तिचे निरीक्षण अगदी काटेकोर होते, फक्त माशी दुसरी होती.

जुना स्टॉक

आता अवघड भाग. चिठ्ठी बरोबर, केस बरोबर, माद्या कुमारी, तापमान स्थिर, तरी दर पिढीला कंगवे कमी होत आहेत. अशा वेळी स्टॉकमध्ये दुसऱ्या जनुकांतले बदल साठले असण्याचा संशय घ्यावा.

पॉलिकोम्बच्या उलट काम करणारा एक गट आहे, ट्रायथोरॅक्स गट. तो चालू जनुके चालू ठेवतो. जेम्स केनिसन आणि जॉन टॅमकन यांनी १९८८ मध्ये पॉलिकोम्बचा परिणाम कमी करणाऱ्या जनुकांचा मुद्दाम शोध घेतला आणि या गटातली कितीतरी जनुके हाती लागली, त्यांत ब्राह्मा नावाचेही एक. म्हणजे चालू ठेवणारे हात थोडे कमी झाले की बंद ठेवणाऱ्यांची कमतरता भरून निघते. आपल्या बाटलीत हा शोध आपोआप चालू असतो. ज्या माशीत असा एखादा बदल येतो ती जरा सुदृढ असते, जास्त पिल्ले देते, आणि वर्षभरात तीच बाटलीभर होते.

त्यात बॅलन्सरची भर. टीएम-३ चे काम गुणसूत्रांची अदलाबदल रोखणे. त्यामुळे पॉलिकोम्बच्या गुणसूत्रावरच असा बदल आला तर तो तिथे अडकून राहतो, धुऊन जात नाही.

तपासणी अशी. जुन्या स्टॉकचे नर ओरेगॉन-आर किंवा कँटन-एस या साध्या स्टॉकच्या कुमारी माद्यांना द्या आणि लांब केसांचे मुलगे पाहा. कंगवे परत आले तर दोष पार्श्वभूमीत, म्हणजे बाकीच्या जनुकांत, होता. परत आले नाहीत तर लांब केसांच्या मुली घ्या आणि साध्या नरांना द्या. मुलीच का? कारण फळमाशीच्या नरात गुणसूत्रांची अदलाबदल होत नाही, ती फक्त मादीत होते. अडकलेला बदल पॉलिकोम्बपासून सुटायचा असेल तर तो मादीतूनच सुटेल. पुढच्या पिढीत कंगवा दिसणारे नर निवडा, एकेकटे टीएम-३ च्या माद्यांना द्या, आणि प्रत्येकाची वेगळी बाटली करा. दोन-अडीच महिने जातात, पण एकाही रसायनाला पैसे पडत नाहीत. मी हे दर दोन वर्षांनी, तक्रार नसली तरी, करते.

उत्परिवर्तन आहे की नाही

क्रॉसचीच आणखी एक तपासणी. तुमचा पॉलिकोम्ब-टीएम-३ आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलेला वेगळा पॉलिकोम्ब ॲलील किंवा तो भाग गळालेले गुणसूत्र, तेही टीएम-३ सोबत. दोघांचा क्रॉस करा. तुमच्याकडे पॉलिकोम्ब खरोखर बिघडलेले असेल तर लांब केसांचे एकही पिल्लू जगणार नाही. लांब केसांची पिल्ले एक तृतीयांशाच्या आसपास आली तर तुमच्या बाटलीत पॉलिकोम्ब उरलेले नाही. मागेपुढे न पाहता ती टाकून द्या.

उत्परिवर्तन आहे पण परिणाम फारच कमी दिसतो, तर पोस्टीरियर सेक्स कोम्ब्सच्या एका प्रतीशी जोडून पाहा. या गटातली दोन जनुके एकाच माशीत निम्मी-निम्मी झाली की परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होतो. गेर्ड युर्गेन्स यांनी १९८५ मध्ये हे दाखवले होते. एकाच संचातल्या दोन जागा अर्ध्या रिकाम्या झाल्या की संच उभा राहणे कठीण होते. अशा दुहेरी नरांत कंगवे ठळक आले तर यंत्रणा तुमच्या माशीत ठीक आहे, मूळ ॲलील सौम्य आहे.

इथे थांबा

खालीलपैकी काही झाले तर स्वतः पुढे जाऊ नका.

साध्या माश्यांशी दोन पिढ्या क्रॉस करूनही कंगवे परतले नाहीत, पण वरच्या क्रॉसमध्ये लांब केसांचे पिल्लू जगले नाही. याचा अर्थ बिघाड गुणसूत्रावर पॉलिकोम्बच्या अगदी जवळ दडला आहे किंवा ॲलील तुम्ही समजता तो नाही. याला डीएनएचा क्रम वाचावा लागतो. क्रोमॅटिनवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला लिहा. बंगळूरच्या एनसीबीएस आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थांत फळमाशीवर गंभीर काम चालते.

तुम्हाला मिथाइल खूण खरोखर कमी झाली का हे दाखवायचे आहे. त्यासाठीची क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे प्रतिपिंडाने खुणेचे क्रोमॅटिन वेचून मोजणे, ही घरच्या घरी शिकून करायची गोष्ट नाही. प्रतिपिंडाची प्रत्येक खेप वेगळी वागते, अख्ख्या अळीत शेकडो प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि पायाच्या थोड्या पेशींतला फरक त्यात बुडून जातो. त्यापेक्षा अळीतल्या पायाच्या इमॅजिनल डिस्क (पुढे पाय होणाऱ्या पेशींच्या चकत्या) काढून सेक्स कोम्ब्स रिड्यूस्डच्या प्रतिपिंडाने रंगवणे योग्य, पण तेही कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक असलेल्या आणि डिस्क काढायचा हात असलेल्या माणसाकडे बसून.

एकाहून अधिक स्टॉकमध्ये माइट शिरले आहेत. साफसफाईत वेळ घालवू नका. शेजारच्या प्रयोगशाळांना त्याच दिवशी कळवा, माश्यांची देवाणघेवाण बंद करा आणि नवा स्टॉक मागवा. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या ब्लूमिंग्टन केंद्रातून किंवा देशातल्या एखाद्या स्टॉक केंद्रातून तो येतो. पावसाळ्यात पार्सल वाटेत अडकते, म्हणून ऑक्टोबरनंतर मागवलेला बरा.

मदत मागताना पत्रात एवढे लिहा: चिठ्ठीवरचे पूर्ण जनुकरूप, स्टॉक कुठून आणि कधी आला, इन्क्युबेटरच्या वहीची गेल्या महिन्याची पाने, क्रॉसमध्ये आई कोण आणि बाप कोण, आखूड-लांब केसांच्या माश्यांची मोजणी, आणि वीस नरांच्या चारही पायांवरचे दात, प्रत्येक पायाचा आकडा वेगळा. दात नसतील तर रकान्यात ‘नाही’ लिहू नका, शून्य लिहा. पाय पाहिलाच नसेल तर रकाना रिकामा ठेवा.